निळ्या शेपटीचं कार्ड

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी जेवढा अभ्यास केला, त्यातला निम्म्याहून जास्त क्रेडिट कार्डांचा होता. माझा विषय अर्थशास्त्र, त्यामुळे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती. परीक्षेत त्यावर एकही प्रश्न आला नाही, ही गोष्ट वेगळी.

मी तेव्हा मामाकडे राहत होते. आमच्या गावात कॉलेज नव्हतं, आणि मामाचं शहर गावापासून ट्रेनने चार तासांवर होतं. मामा विमानतळावर लोडर होता. प्रवाशांच्या बॅगा विमानाच्या पोटात चढवायच्या, आलेल्या विमानाच्या पोटातून उतरवायच्या, हे काम तो बावीस वर्षं करत होता. त्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर विमानतळाच्या कुंपणाला लागूनच होतं. दर अर्ध्या तासाने एखादं विमान डोक्यावरून जायचं. तेव्हा घरातलं बोलणं जिथल्या तिथे थांबायचं आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. मामी तर "मीठ जरा" एवढं बोलून हात तसाच हवेत धरायची आणि विमान गेल्यावर "दे" म्हणायची.

मामा मला मास्तरीण म्हणायचा. मी सात वर्षांची असताना त्याने आईला लिहिलेल्या पत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून ते पत्र मी त्याला परत पाठवलं होतं. तेव्हा सगळे कौतुकाने हसले. खरं तर तिथेच कोणीतरी माझा कान पिळायला हवा होता.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिला आम्ही विंडो सीट म्हणायचो, कारण प्रत्येक सुट्टीनंतर ती एकच फोटो दाखवायची. विमानाची खिडकी, पंखाचं टोक आणि खाली ढग. कुणी विचारलं की खांदे उडवून म्हणायची, "कार्डाच्या पॉइंट्सवर गेले. फुकट." त्या 'फुकट'ने मी पुरती घायाळ झाले. मी विमानांच्या पोटाखाली झोपत होते, उठत होते, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. शिवाय मी मनोमन ठरवून टाकलं होतं की आमच्या सगळ्या घराण्यात विमानात बसणारी पहिली व्यक्ती मीच असणार. घराण्याला विचारून बघण्याची गरज मला वाटली नाही.

मी कामाला लागले. कार्डांची तुलना करणाऱ्या वेबसाइट वाचल्या, अनोळखी लोकांचे लांबलचक व्हिडिओ पाहिले, एका चर्चागटात शिरून "नवख्यांनी कुठून सुरुवात करावी" असा प्रश्न टाकला आणि महिन्याभरात तिथे दुसऱ्या नवख्यांना उत्तरं देऊ लागले. मग चार मोठे कागद एकमेकांना चिकटवून तक्ता केला. तेवीस कार्डं, एकोणीस रकाने. पहिल्या वर्षाची फी माफ आहे का, सुरुवातीला किती पॉइंट्स भेट मिळतात, विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसायला देतात का, परदेशात कार्ड वापरलं तर किती कापतात. परदेशात जायचा माझा काही विचार नव्हता. माझ्याकडे पासपोर्टही नव्हता. पण इतक्या मोठ्या तक्त्यात तो रकाना नसणं बरं दिसलं नसतं.

तक्ता मी कपाटाच्या दारावर लावला. मामा कामावरून आला की चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभा राहायचा आणि सावकाश वाचायचा. एकदा त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे साठ शहरं म्हणजे काय गं?"

"म्हणजे त्या कंपनीची विमानं साठ शहरांत जातात."

"कुठली साठ?"

"मामा, ते जरा टेक्निकल आहे."

बावीस वर्षं विमानांच्या पोटात शिरणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं. मामा "बरं" म्हणाला, कप विसळून ठेवला आणि पाय धुवायला गेला. आज ते आठवलं की स्वतःच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. हात पोचत नाही म्हणून राहून जातं.

शेवटी मी प्रत्येक रकान्याला गुण दिले, बेरजा केल्या आणि सर्वांत जास्त गुणांचं कार्ड निवडलं. ते एका विमान कंपनीच्या नावाचं होतं. आकाशी रंग, आणि कोपऱ्यात विमानाच्या निळ्या शेपटीचं चित्र. रंगाला मी गुण दिले नव्हते असं म्हणायला मला आवडलं असतं.

विद्यार्थ्याला कार्ड हवं असेल तर बँकेला नोकरीचं पत्र आणि एक हमीदार लागायचा. नोकरी होती. दुपारी मी एका चष्म्याच्या दुकानात जायची. फ्रेम पुसून जागेवर ठेवायच्या आणि गिऱ्हाइकांना फोन करून चष्मा तयार असल्याचं सांगायचं. मालक उदार माणूस, पत्रात हात आखडता घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी लिहून टाकलं की सदर मुलगी आमच्याकडे नेत्रतपासणी विभाग सांभाळते.

बँकेतल्या बाईंनी ते वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही डोळे तपासता?"

"नाही. पुसते."

"डोळे?"

"चष्मे."

त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला उलटं वाचता आलं नाही.

हमीदार म्हणून मामा आला होता. त्याने त्यासाठी अर्धा दिवस रजा काढली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईंनी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. मामा सही करता करता थांबला आणि वरच्या चित्राकडे पाहू लागला.

"ही निळ्या शेपटीवाली कंपनी ना?"

"हो."

"हीच हवी तुला? नक्की?"

"मामा, मी तीन महिने अभ्यास केलाय."

बाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मामाने सही केली, आणि बाहेर आल्यावर मला ज्यूस पाजला.

कार्ड आलं आणि माझे पाय जमिनीला लागेनात. पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला की भेटीचे पॉइंट्स मिळणार होते. पण माझा स्वतःचा खर्च तो काय, बसचा पास आणि वह्या. म्हणून मी दुसऱ्यांचे खर्च गोळा करायला निघाले. वर्गात कोणाला पुस्तक घ्यायचं असलं की मी दुकानापर्यंत त्याच्या मागे जायची, त्याचे पैसे स्वतःकडे घ्यायची आणि कार्ड पुढे करायची. कॅन्टीनमध्ये नऊ जणांचं बिल एकटी भरायची आणि मग दोन दिवस नऊ जणांच्या मागे फिरायची. लोक मला बघून वाट बदलू लागले. बँकेचं बिल मात्र मी दर महिन्याला वेळेवर आणि पूर्ण भरत होते. तेवढी अक्कल शाबूत होती. बाकीची कुठे गेली होती कोण जाणे.

सगळ्यात जास्त भोगलं मामीने. ती कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून भाजी घ्यायची, आणि भाजीवालीकडे कार्डाचं मशीन नव्हतं. मी मामीला दोन बस बदलून एका मोठ्या दुकानात नेऊ लागले. तिथे गाजरं प्लास्टिकच्या डब्यात, सहा-सहाच्या ओळीने निजवलेली असायची.

"दोन नाही का मिळत?" मामी विचारायची.

"मामी, इथे दुप्पट पॉइंट्स आहेत."

"ते शिजवायचे कसे?"

तरी ती आठ महिने माझ्याबरोबर आली. डोकं हलवत आली, पण आली.

आठव्या महिन्यात एका बाजूच्या तिकिटापुरते पॉइंट्स जमले. मी रविवार सकाळचा मुहूर्त धरला. मामा-मामीला लॅपटॉपसमोर खुर्च्यांवर बसवलं, छोटंसं भाषणही केलं. मग कंपनीची वेबसाइट उघडून 'कुठून' या चौकटीत आमच्या शहराचं नाव लिहिलं.

सापडत नाही, असं उत्तर आलं.

मी स्पेलिंग बदललं. एक अक्षर वाढवलं, मग एक कमी केलं. मग त्यांची साठ शहरांची यादी उघडली आणि ती वरून खाली वाचली, नंतर खालून वर. मग ग्राहक सेवेला फोन लावला. मामा-मामीलाही ऐकू यावं म्हणून तो स्पीकरवर ठेवायची बुद्धी मला नेमकी तेव्हा झाली. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"मॅडम, त्या शहरात आपली सेवा उपलब्ध नाही."

"कधीपासून?"

"कधीच नव्हती, मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?"

तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं, त्यामुळे अर्धं मिनिट कोणालाच काही बोलावं लागलं नाही. ते अर्थातच दुसऱ्या कंपनीचं होतं.

"मामा, तुला माहीत होतं?"

"निळी शेपटी इथे उतरत नाही, हे तर धावपट्टीवरच्या कुत्र्यालाही माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं की मी बँकेत, हीच हवी का. तू म्हणालीस अभ्यास केलाय. मला वाटलं, तुला लांबून जायचं असेल."

"मुद्दाम लांबून कोण जातं?"

"ते टेक्निकल असेल असं वाटलं."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि तेच मला जास्त लागलं. मी डोळे पुसत म्हणाले की आपल्या घरातून विमानात बसणारी मी पहिली असणार होते, आता कसलं काय.

"पहिली कशी?" मामी म्हणाली. "मी तीनदा बसलेय."

मी मामाकडे पाहिलं. तो ओशाळून म्हणाला, "मी अकरा वेळा."

मामाची कंपनी दरवर्षी विमानप्रवासाचा एक पास द्यायची, त्याच्यासाठी आणि बायकोसाठी. भाच्यांना तो चालत नव्हता, म्हणून माझ्यासमोर त्याने कधी विषय काढला नव्हता. मुलीला वाईट वाटायचं, असं त्याचं म्हणणं. मी जवळजवळ दोन वर्षं त्या घरात राहत होते. विमानांच्या सर्व योजनांवर मी त्या दोघांना व्याख्यानं दिली होती, आणि दोघांनीही ती शांतपणे ऐकली होती.

"मला नाही आवडत," मामी म्हणाली. "कान दुखतात. आणि हा माणूस मला एकदा समुद्र दाखवतो म्हणून घेऊन गेला, आणि अख्खी दुपार तिथल्या विमानतळावर बॅगा कशा येतात ते दाखवत बसला."

"नवीन बेल्ट होता," मामा म्हणाला. "वळणावर बॅग अजिबात अडकत नव्हती."

पॉइंट्स चार महिन्यांत बाद होणार होते. तेही तक्त्यात होतं, सतराव्या रकान्यात, माझ्याच अक्षरात. त्यांच्या बदल्यात मानेला लावायची उशी मिळत होती, पण उशी घ्यायला माझं मन तयार होईना. मी हट्टाला पेटले. निळ्या शेपटीचं आमच्यापासून सर्वांत जवळचं विमानतळ बसने सात तासांवर, दक्षिणेला होतं. तिथून एक विमान उत्तरेला जायचं आणि आमच्या गावापासून दोन तासांवर उतरायचं. सुट्टीत गावी जायचंच होतं. मी तसं तिकीट काढलं आणि मामाला सांगितलं. त्याने बोटाने टेबलावर नकाशा काढला.

"म्हणजे तू आधी खाली जाणार. मग वर उडणार. आणि आमच्या डोक्यावरून पुढे जाणार."

"हो."

"ट्रेनने चार तास लागतात."

"मला माहीत आहे, मामा."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि माझ्या बॅगेच्या मुठीला लाल चिंधी बांधू लागला. नाव बॅगेच्या आतल्या बाजूलाही लिही, वरची चिठ्ठी फाटते, हेही सांगितलं. या वेळी मी त्याचं ऐकलं.

सकाळी सहाची बस दुपारी एकला पोचली. विमानतळ आमच्या कॉलेजच्या जिमखान्याएवढं होतं. लाउंज होतं, आणि माझ्या कार्डावर ते फुकट होतं. एका आडोशाला चार सोफे, चहाचं मशीन आणि बिस्किटांची बरणी. दारातल्या मुलाने कार्ड घासून मला आत सोडलं. एकदा बाहेर पडलं तर परत घेणार नाहीत, अशी माझी पक्की समजूत झाली, म्हणून मी दोन तास जागची हलले नाही. फुकट आहे म्हणून चहा मात्र चार कप प्यायले. बाथरूम बाहेर होतं. लाउंजचा आनंद म्हणून मला आजही तेवढंच आठवतं.

विमानात माझी जागा मधली निघाली. आवडीची जागा निवडायचे वेगळे पैसे असतात, हा माझ्या तक्त्यातला विसावा रकाना ठरला असता. खिडकीशी एक पोक्त गृहस्थ होते. त्यांनी बसल्या बसल्या खिडकीची झडप खाली ओढली आणि विमान हलायच्या आत झोपले. मी फोटोसाठी फोन हातात धरून बसले होते. उठवायची हिंमत होईना. पंचावन्न मिनिटं मी ती बंद झडप आणि त्यांचा कान पाहत होते. त्या कानातल्या केसांशी माझी इतकी ओळख झाली की आज रस्त्यात भेटले तरी ओळखीन. माझे स्वतःचे कान मध्येच असे ठणकायला लागले की मामीची फार आठवण आली.

उतरायच्या आधी झडपा उघडायला सांगितल्या. गृहस्थ जागे झाले, आणि मला पंख दिसला. त्याच्यापलीकडे राखाडी ढग आणि मग एकदम शेतं. मी त्यांच्या पुढून वाकून घाईघाईने फोटो काढला आणि जमिनीवर पाय टेकताच तो विंडो सीटला पाठवला. तिचं उत्तर आलं, "हे काका कोण?" फोटोचा अर्धा भाग त्यांच्या हनुवटीने व्यापला होता.

घरी पोचायला साडेआठ वाजले. आईने दार उघडलं.

"ट्रेन लेट होती का गं?"

"विमानाने आले."

"कुठून?"

"मामाकडून."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मी सगळा मार्ग समजावून सांगितला, पॉइंट्सचं गणितही सांगितलं. आई सगळं ऐकून आत गेली आणि मामाला फोन लावला. मला स्वयंपाकघरातून एवढंच ऐकू आलं, "तिच्यावर अभ्यासाचा ताण आहे का रे?"

सुट्टी संपल्यावर मी ट्रेनने परतले. चारही तास झोपले.

दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या आत मी कार्ड बंद करायला बँकेला फोन केला. तसाच एक गोड आवाज मी थांबावं म्हणून मला आणखी पॉइंट्स देऊ लागला, आणि मी विचारलंही, किती? मामी शेजारीच बसली होती. तिने माझ्या हातातला फोन काढून घेतला, "नको म्हणतेय ती," असं सांगितलं आणि ठेवून दिला.

मग मी तक्ता दारावरून काढला, टेबलावर पसरला आणि मामाच्या हातात पेन्सिल दिली. "तू बघ," म्हटलं. त्याने आधी हात पुसले. मग ओळीने सुरुवात केली. ही कंपनी आपल्याकडे फक्त मंगळवारी येते. ही रोज येते, पण हिच्या बॅगा दुसऱ्या दिवशी येतात. ही येत्या हिवाळ्यात बंद होतेय, सगळे लोडर तेच बोलतात. एक कप चहा संपेपर्यंत त्याने तेविसातली एकोणीस कार्डं खोडली. उरलेल्या चारांवर पेन्सिल टेकवून म्हणाला, "तू वर्षातून कुठे कुठे जातेस?"

"गावी. चार वेळा."

"कशाने?"

"ट्रेनने."

त्याने पेन्सिल मला परत दिली. एकोणीस रकान्यांत हा प्रश्न मी कुठे घातला नव्हता. चारांतलं एक कार्ड मातकट रंगाचं, दिसायला अगदी गरीब होतं. त्यावर ट्रेनच्या तिकिटाचे थोडे पैसे परत मिळायचे. तेच घेतलं, आणि ते पुढे बरीच वर्षं माझ्याकडे होतं. बँकेतल्या बाईंनी विचारलं, या वेळी किती महिने अभ्यास केला. मी म्हटलं, पंधरा मिनिटं, आणि तोही मामाने.

मामाने कार्डं खोडली त्या संध्याकाळी तक्त्याची घडी घालताना मी मामाला विचारलं की अकरा वेळा तो कुठे कुठे जाऊन आला. बहुतेक वेळा त्याला एकाच दिवसाची रजा मिळायची. सकाळी जायचं, तिथलं बॅगांचं काम कसं चालतं ते पाहायचं, त्याच संध्याकाळच्या विमानाने परत. एका ठिकाणच्या लोडरांनी त्याला आपल्या खोलीत नेऊन जेवायला बसवलं होतं. त्यातल्या एकाचा अजून फोन येतो, त्याच्या मुलीला आता नोकरी लागली आहे. त्या अकरा शहरांतला एक रस्ता, एक बाजार मामाला सांगता आला नाही. पण कुठली माणसं बॅगेला दोरी बांधतात, कुठली नुसतं कुलूप लावतात, कुठे बॅगा फेकतात आणि कुठे हाताने उचलून ठेवतात, हे त्याला सगळं पाठ होतं. तो सांगत होता आणि मी ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाही. मामी दोनदा आतून आली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही ना, ते बघून गेली.